निलचारीच्या आधीचं पान

१६ जून, सोमवार

चि. चेतनास,
अनेक आशीर्वाद.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. पोस्ट खात्याला अजून ती सोय नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच चुलीत घालशील असं तुझी आई म्हणाली. चिंचपाड्याला तुझ्याकडे गॅस आहे एवढं मला माहीत आहे, तेव्हा चुलीची भीती नाही.

माझी बदली झाली. सगळी नोकरी शहाद्यात झाली आणि आता निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना संस्थेने मला उचलून धडगावच्या पुढे, डोंगरातल्या शाखेत आणून टाकलं. संस्थेपुढे कोणाचं चालतं! खोली मिळाली आहे. छताला पत्रे आहेत, त्यामुळे दुपारी आत बसवत नाही आणि बाहेर बसलं की गावातली कुत्री येऊन ओळख करून घेतात. आई सारंगखेड्यालाच राहिली. तिच्या गुडघ्यांना हा चढ झेपणार नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याबरोबर राहणंही तिला अलीकडे झेपत नाही.

शाळेच्या मागे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे वरचा पाडा. तिथेच दिनेशचं घर, म्हणजे तुझं सासर आहे, असं आमचा शिपाई बाज्या याने मी न विचारता सांगितलं. मी नुसतं 'बरं' म्हणालो.

आज दहावीचा इंग्रजीचा पहिला तास घेतला. वर्ग निम्मा रिकामा. पेरणी आटोपल्याशिवाय सगळी पोरं येत नाहीत, असं इथे गणित शिकवणारे हेमकांत सर म्हणाले. ते आपल्याकडचेच, प्रकाशाचे. मी वर्गात जाऊन 'गुड मॉर्निंग' म्हणालो, सगळी उभी राहिली. 'सिट डाउन' म्हणालो, कोणी बसेना. पुन्हा म्हणालो, तरी उभीच. शेवटी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने शेजारणीचा हात धरून तिला खाली ओढलं, तशी सगळी बसली. तिचं नाव रविना. वरच्या पाड्याची. त्या पाड्यातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. आईबाप शेतावर असतात, ती आजीजवळ वाढली. मी काही विचारलं की बाकीची पोरं खाली बघतात, ही तोंडाकडे बघते. उत्तर येत नसलं तरी तोंडाकडेच बघते. अशी एक जरी वर्गात असली तरी माझ्यासारख्याला वर्षभर पुरते.

पुस्तकातली पहिली कविता झाडाची आहे. माझी पद्धत तुला माहीत आहे. पुस्तक मिटून ठेवायचं, प्रत्येकाने घरून एक ताजं पान आणायचं, ते हातात धरून इंग्रजीत त्याच्याशी ओळख करून द्यायची. चुकलं तर चुकलं. तू माझ्या वर्गात होतीस तेव्हा पपईचं पान आणलं होतंस, छत्रीएवढं, आणि दिवसभर मुली त्याखाली बसल्या होत्या. ते मी आज वर्गात सांगितलं. 'माझी मुलगी' असंच म्हणालो, नाव घेतलं नाही.

उत्तर पाठवायलाच पाहिजे असं काही नाही.

तुझे,
नाना


१८ जून

चि. चेतनास,
आशीर्वाद.

लगेच दुसरं पत्र बघून म्हाताऱ्याला काम नाही असं वाटेल तुला. तसंच समज.

पान एकटीनेच आणलं. बाकी सगळा वर्ग काल हात हलवत आला. मी चिडलो. मग रविना उभी राहिली आणि तिने ओढणीच्या आतून एक सागाचं कोवळं पान काढलं. अजून पुरतं उघडलंही नव्हतं. ते तळहातावर ठेवून म्हणाली, "सर, धिस इज टीक लीफ. इट इज न्यू. सॉफ्ट लाइक इअर ऑफ काफ." वासराच्या कानासारखं मऊ! इतक्या वर्षांत मला कोणा पोराने हे सांगितलं नव्हतं. मग तिने ते दोन बोटांत चोळलं आणि बोटं माझ्यापुढे धरली, लालभडक. "सर, आय रब. इट गिव्ज रेड."

मी टाळ्या वाजवल्या. वाजवणारा मी एकटाच होतो. तिच्या शेजारची मुलगी बाकाच्या टोकाला सरकली होती. मागच्या पोराने दप्तर उचललं आणि तो भिंतीपाशी जाऊन बसला. मला वाटलं, हे जळतात तिच्यावर. मग मी असा काही तापलो की विचारू नकोस. एका मुलीने काम केलं तर तुमच्या पोटात दुखतं, वगैरे सगळं बोललो. आणि ते पान टाचणीने फळ्याच्या चौकटीला लावून ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

दुपारी हेमकांत सर खडू घ्यायला वर्गात आले आणि दारातच थांबले. "सर, हाई काय करं तुम्ही? आठे निलचारी व्हत नही तवलोंग कोन्ही नवं पान तोडत नही. तुम्हले कोनी सांगं नही का?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. तुला तर माहीतच असेल, तरी मला जे कळलं ते लिहितो. पावसाळ्यात जे नवं हिरवं उगवतं, रानभाजी असो, गवत असो की सागाचं पान, ते पाड्याने मिळून देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोडत नाही, तोंडात घालत नाही. ती पूजा म्हणजे निलचारी. ती व्हायची आहे अजून. आणि मी पहिल्याच दिवशी अख्ख्या वर्गाला सांगून बसलो की ताजं पान तोडून आणा. एकही पोर 'सर, आमच्यात असं नसतं' म्हणालं नाही. कसं म्हणणार? 'यस सर' म्हणायचं एवढंच तर मी पहिल्या तासाला शिकवलं.

आज रविना आली नाही. तिच्या पाड्याची दुसरी मुलं आली. विचारलं तर पायांकडे बघत म्हणाली, "ती नाही येणार."

सारंगखेड्याला आपल्या गच्चीवरून हे डोंगर रोज दिसायचे. मी ते बघतच चहा प्यायलो जन्मभर. तू तीन वर्षांत तिथली होऊन गेलीस. हे असं असतं ते तुला विचारता आलं असतं, जर विचारण्यासारखं आपल्यात काही उरलं असतं. ते जाऊ दे.

तुझे,
नाना


२२ जून, रविवार

चि. चेतना,

आज वरच्या पाड्यावर जाऊन आलो. पायांत गोळे आले आहेत आणि त्याहून जास्त डोक्यात.

निलचारीची पूजा तिथला पुजारा करतो. पुजाऱ्याचं घर कुठलं म्हणून विचारत गेलो आणि ज्या अंगणात पोचलो तिथे खाटेवर वाहरू बसले होते. तुझे सासरे. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण दिनेशची हनुवटी लगेच ओळखू आली. त्यांनीही मला ओळखलं. तरी मला 'मास्तर'च म्हणाले आणि मीही ते तसंच राहू दिलं.

तुझ्या सासूबाई दिवलीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी म्हणालो, "नको, आत्ताच प्यालो." घशाला कोरड पडली होती, चढून आलो होतो, तरी तोंडातून ते गेलं. का गेलं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तांब्या परत नेला.

रविनाची आजी, फुलवंताबाई, आली. मागून रविना. आणखी चारदोन म्हातारे येऊन बसले. मी येतानाच ठरवून आलो होतो. म्हणालो, "पान पोरीने तोडलं नाही. मी तोडलं. वाटेवरच्या झाडाचं तोडून तिच्या हातात दिलं."

रविना मागून म्हणाली, "नाही. मी तोडलं. घरामागच्या झाडाचं."

मी तिच्याकडे डोळे वटारले. तिने नेहमीसारखं तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "सर खोटं बोलतात. मला माहीत होतं तोडायचं नाही. सर म्हणाले ताजं आणा, म्हणून मी तोडलं."

म्हातारे हसले. वाहरूही हसले. "मास्तर, एवढा शिकला, खोटं बोलता नाय आलं तुला."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. कोणी रागावलं नव्हतं, कोणी दंडाचं काढलं नाही. निलचारी याच आठवड्यात होणार होती, ती थांबली आहे. आधीच हिरवं तोडलं गेलं, तर ते कोणीतरी अंगावर घ्यायला पाहिजे, मगच पूजा होते. पोर लहान, तिच्या अंगावर घालता येत नाही. तिच्या आईबापाने तोडायला लावलं नाही, तेव्हा त्यांचंही काम नाही. ज्याने तोडायला लावलं, त्याने किंवा त्याच्या घरच्या माणसाने देवापुढे उभं राहायचं.

"मग मी उभा राहतो," मी म्हणालो.

"तू कसा राहशील? तू बाहेरचा. हा देव तुझा नाय. तू डोंगर उपटला तरी तुला काय लागत नाय. पोरीला लागतं."

"काय लागतं?"

"ते मराठीत नाय सांगता येत," वाहरू म्हणाले.

हे सुटेपर्यंत रविनाने ओढा ओलांडायचा नाही, असं आहे. हे एवढ्यावरच थांबलं असतं तरी मी धीर धरला असता. पण निघताना फुलवंताबाईने मला अंगणाच्या कडेला गाठलं. ती माझ्या आईच्या वयाची असेल. म्हणाली, "पोरगी घरातलं ऐकत होती. शाळेनं सांगितलं तर घरातलं टाकलं तिनं. आता शाळा नको. बकऱ्या राखेल." मी पुष्कळ बोललो. दहावी, बोर्ड, पुढचं कॉलेज. ती ऐकत राहिली, आणि माझं संपल्यावर पुन्हा तेच म्हणाली.

आणि मला सगळ्यात काय बोचतं सांगू? म्हातारीचं चुकत नाही. त्या पोरीने आजीचं आणि माझं असं दोन्ही समोर ठेवलं आणि माझं उचललं. एका तासाच्या ओळखीवर. शिक्षकाला याहून मोठं काही मिळत नाही असं मी आजवर बोलत आलो. मिळालं तर हे असं.

ओढ्यापर्यंत रविना पोचवायला आली. "सर, पुढच्या कवितेचं काय?" म्हणाली.

तुझे,
नाना


२९ जून, रविवार

चेतना,

तुझं उत्तर नाही. आईला फोन लावून विचारलं, तर म्हणे, "ती पत्र वाचस का नही, माले काय माहीत. माले इचारू नका." तिला माहीत आहे. तिच्या आवाजावरून कळतं मला.

पाड्यात अजून निलचारी नाही. घरांच्या मागे, बांधांवर, जिकडेतिकडे भाज्या हातभर वाढल्या आहेत आणि बायका त्यांच्याकडे बघत मिरची-भाकरी खातात. गवत गुडघ्याएवढं झालं तरी विळा लावत नाहीत, गुरांना गेल्या वर्षीचा पेंढा घालतात. हे सगळं माझ्या एका गृहपाठामुळे. आणि मला कोणी एका शब्दाने बोलत नाही गं! वाटेत भेटतात, हात जोडतात, 'मास्तर, बस' म्हणतात. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी रोज शाळा सुटली की ओढ्यावर जातो. रविना पलीकडच्या काठावर येते. पलीकडे जाऊन शिकवलेलं फुलवंताबाईला चालत नाही, म्हणून ती तिकडे दगडावर बसते, मी इकडे, आणि मी धडा वाचतो. ओढ्याला पाणी भरपूर, खळाळतंही फार. मी वाचतो आणि ती ओरडते, "सर, लाउडली!" मग मी आणखी घसा ताणतो. परवा बाज्या गुरं वळवायला आला होता, तो काठी टेकून ऐकत उभा राहिला आणि नंतर मला म्हणाला, सर, तुम्ही पाण्याला इंग्रजी शिकवा, ते आधी शिकेल. घसा बसला आहे. शब्दांचे अर्थ तर पोचतच नाहीत, नुसता आवाज पोचतो. तरी ती येते.

फुलवंताबाईने तिच्यासाठी काठी करून ठेवली आहे, बकऱ्यांसाठी. निलचारी झाली की रविना रानात. निलचारी झाली नाही तरीही रानात.

काल मी पुन्हा वाहरूंकडे गेलो. या वेळी पाणी मागून प्यालो. दिवलीबाईंनी दिलं. मग मी एकदाचं म्हणून टाकलं, "मी बाहेरचा नाही. मी तुमचा व्याही आहे. माझ्या अंगावर घाला."

वाहरू हसले नाहीत. "व्याही असा होत नाय," ते म्हणाले. "सून बापाला घरी घेऊन येते. मग तो व्याही. बाप आपला आपण येत नाय. आणि काम पडलं म्हणून तर नायच."

मी उठायला लागलो तर म्हणाले, "तू मास्तर, एक सांग. बाज्या बोलत होता, तूच अर्ज केला इथे यायचा. खरं का?"

आता ते तिथे कळलं आहे तर तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो. हो, मी अर्ज केला होता. संस्थेने टाकलं वगैरे ते मी उगीच लिहिलं. शहाद्यात सगळे म्हणत होते की वेड लागलं आहे का, शेवटची दोन वर्षं डोंगरात कोण जातं? मला वाटलं होतं, तुम्ही होळीला सासरी येणार, दिवाळीला येणार. पाड्याची वाट शाळेवरूनच जाते. मी फाटकात उभा असेन. मी बोलवायला यायचं नाही आणि तू यायचं नाही, पण वाट तर एकच. एवढंच डोक्यात होतं. आहे ते असं आहे.

रात्रभर वाहरूंचं बोलणं डोक्यात घोळत होतं आणि सकाळी दाढी करताना लक्षात आलं. ज्याने तोडायला लावलं, त्याच्या घरचं माणूस उभं राहू शकतं. पण ते माणूस या देवाचं असायला पाहिजे. असं माणूस सगळ्या जगात एकच आहे. वाहरूंना ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, कारण ते मी घ्यायचं होतं.

ये. मला भेटू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. दिनेशला घेऊन वरच्या वर ये आणि वरच्या वर जा. मी शाळेतून बाहेरसुद्धा येणार नाही. तुझ्या लग्नाला न आलेल्या माणसाने हे मागावं हे मला कळतं. मी दुसरं काय करू ते मला सुचत नाही. माझ्या हातात काहीच राहिलेलं नाही. एक पोरगी रोज पलीकडच्या काठावर येऊन बसते आणि मला ओढा ओलांडून तिला अलीकडे आणता येत नाही.

नाना


६ जुलै, रविवार

चेतना,

तुझी जीप गेल्यावर मी शाळेत येऊन बसलो आहे. वर्गात कोणी नाही. इथेच लिहितो.

सकाळी बाज्या दार ठोकायला आला. "सर, वर बोलावलंय. निलचारी आहे." मला काही कळेना. मी म्हणालो, कोण उभं राहिलं? तो म्हणाला, चला तर. मी तसाच निघालो, चपला उलट्यासुलट्या घालून. ओढ्याच्या पाण्यात घसरलो, एक गुडघा खरचटला. सांगायचं असं नाही, पण लिहितो.

देवाच्या झाडाखाली सगळा पाडा जमला होता. मी मागे, बकऱ्या बांधल्या होत्या तिथे उभा राहिलो. मला दिनेश आधी दिसला. मग तू. तू पुढे होतीस, म्हाताऱ्यांच्या रांगेसमोर, पदर डोक्यावरून घेतलेला. वजन कमी झालं आहे तुझं. वाहरू काहीतरी विचारत होते आणि तू बोलत होतीस.

त्यांच्या भाषेत बोलत होतीस. भराभर, कुठेही न अडखळता. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. सारी हयात पोरांना भाषा शिकवली आणि माझी मुलगी माझ्यासमोर उभी राहून बोलत होती तेव्हा मी बहिऱ्यासारखा तोंडं बघत होतो. कोणी मान हलवत होतं, एक म्हातारी डोळे पुसत होती. मी शेजारच्या माणसाला विचारलं तर त्याने मला गप्प राहा अशी खूण केली.

रविना माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. तिला बोलायची चोरी होती, आजी समोरच बसली होती. तिने ओढणी तोंडापाशी धरली आणि हळूच, मलाच कळेल असं इंग्रजीत म्हणाली, "सर, शी सेज, माय फादर डिड इट. सो आय डिड इट."

माझ्या बापाने केलं, म्हणजे मी केलं. मी पुढचं ऐकलं नाही.

मग वाहरूंनी तुझ्या दोन्ही हातांवर ते हिरवं ठेवलं. भाजी, गवत, सागाचं पान. पूजा संपेपर्यंत तू उन्हात तशीच हात पसरून उभी होतीस. मी मागून बघत होतो आणि पुढे येऊन ते हिरवं माझ्या हातात घेण्याचा मला अधिकार नव्हता. दिनेश तुझ्या मागे उभा होता, अगदी जवळ. चांगला पोरगा आहे. शहाद्याला माझ्या वर्गात होता तेव्हाही कधी माझ्याकडे पाठ करून बसला नाही.

पूजा झाली आणि सगळीकडे एकदम आवाज सुटला. पोरं भाजी तोडायला बांधांवर पळाली. फुलवंताबाई माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सोमवारपासून पाठवते. पण पुन्हा पोरांकडून काय मागवायचं असलं तर आधी मला विचारायचं." मी हो म्हणालो. तिने रविनासाठी केलेली काठी धाकट्या नातवाच्या हातात दिली. रविना लगेच ओढ्याकडे पळाली, अलीकडे आली, आणि पुन्हा पलीकडे गेली. उगीचच, दोन-तीनदा.

मग वाहरूंनी मला हाताला धरून पंगतीत बसवलं, स्वतःच्या शेजारी. 'मास्तर' म्हणाले नाहीत, 'व्याही, बस' म्हणाले. दिवलीबाईंनी पानावर भाकरी आणि नवी भाजी वाढली. मी जेवलो. खूप दिवसांनी मी असा जेवलो. म्हातारे चेष्टा करत होते, मीही त्यांची करत होतो, आणि मान वर करून तुला शोधत होतो. तू बायकांत कुठेतरी असशील असं धरून चाललो होतो.

खाली आलो तेव्हा तुम्ही जीपमध्ये बसत होतात. दिनेशने खाली वाकून नमस्कार केला. "येतो, सर," म्हणाला. अजून सरच म्हणतो. तू आत बसली होतीस, काचेपाशी. तीन वर्षांत तुझ्याशी बोलायचं म्हणून मी काय काय जमवून ठेवलं होतं! काही भांडणाचं, काही दुसरं. ओढ्यापासून जीपपर्यंत येताना ते सगळं पुन्हा एकदा म्हणूनही पाहिलं होतं. आणि तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा माझ्या तोंडून निघालं काय, तर, "जेवनी का वं?"

तू म्हणालीस, "हाव."

आणि जीप निघाली. मी तिथेच उभा होतो आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. तू माझी पत्रं वाचत होतीस. तू बोललीस. तू जेवलीस. मी तसाच वर परत गेलो, दिवलीबाईंना सांगायला की भाजी फार छान झाली होती. त्या भांडी घासत होत्या. मी विचारलं, चेतना कुठे बसली होती जेवायला, मला पंगतीत दिसली नाही.

त्या म्हणाल्या, "ती कुठे जेवते? जो अंगावर घेतो तो जेवत नाय. कालपासून पाणी पण नाय घेतलं तिनं. उद्या सूर्य उगवल्यावर."

तुला चिंचपाड्याला पोचायला संध्याकाळ होईल. घाटात तुला जीप लागते, लहानपणापासून. पोटात काही नसलं की जास्तच लागते.

मी भाजी दोनदा मागून घेतली होती.

नाना